पाचव्या पडद्यावर

हेरेस, ९ मार्च १९८७

तिनो,

जेवायला न थांबता गेलास ते बरंच केलंस. थांबला असतास तर पानावर बसवून चारचौघांत तुझी अशी काढली असती की घास उतरला नसता. शेजारच्या चारोनं दोन दिवस खपून बेर्सा शिजवला होता, हरभरे, कोबी आणि डुकराची शेपूट घालून, तुला आवडतो तसा. भांडं तसंच्या तसं परत नेताना म्हणाली, "माद्रिदला राहून भावाची भूक मेली का गं?" मी म्हटलं, भूक नाही मेली, लाज मेली.

साठ वर्षांची झाले मी. आयुष्यात पहिल्यांदा या गावानं माझा सत्कार ठेवला. थिएटरबाहेर माझा फोटो लावला, खाली नाव, 'एन्कार्ना अलिकाते', आणि त्याखाली, 'गिटारवर सख्खा भाऊ तिनो अलिकाते'. अर्धं गाव तुला बघायला आलं होतं हे मला ठाऊक आहे, मी काही दूधखुळी नाही. पण पहिल्या रांगेत आंतोनकाका आणि त्याची म्हातारी मंडळी बसली होती. ती माझ्यासाठी आली होती. त्यांनी आपल्या बापाला वाजवताना ऐकलंय.

गाणाऱ्याला पट्टी विचारायच्या रीतीप्रमाणे तू विचारलंस, "किती, एन्कार्ना?" मी म्हटलं, "पाच." सगळ्या थिएटरनं ऐकलं. आणि तू मान खाली घालून तारा आवळणारा चिमटा लावलास तो तिसऱ्या पडद्यावर, दोन घरं खालच्या सुरात!

अरे, तुला काय वाटलं, कुणाला दिसणार नाही? त्या म्हाताऱ्यांना बायकोचा चेहरा धड दिसत नाही, पण गिटारच्या गळ्यावर चिमटा कुठं बसलाय ते त्यांना दारातून कळतं. मलाच आधी दिसलं नाही, कारण मी डोळे मिटून बसले होते. तुझ्यावर विश्वास टाकून बसले होते, गाढवासारखी. पहिली हाक तोंडातून निघाली आणि तिला कुठं ओरखडाच नाही. तूप लावल्यासारखी घसरत गेली. मी डोळे उघडले, आंतोनकाकाकडे बघितलं. त्यानं नजर खाली घातली. तिनो, त्या म्हाताऱ्याला माझी कीव आली. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणून मी हात पुढं केला आणि तुझ्या गिटारवरचा चिमटा माझ्या हातानं काढून पाचव्यावर लावला. होय, आपल्यात गाणाऱ्यानं वाजवणाऱ्याच्या गिटारला हात लावायचा नसतो. भर लग्नात नवऱ्याला कानफटात द्यावी तसं ते दिसलं असणार. दिसू दे. आकडा सांगायचा हक्क गाणाऱ्याचा. तो मोडायची सुरुवात तू केलीस.

आणि मग आवाज फुटला माझा. शेवटच्या ओळीत, 'धूळ' म्हणताना, चिरफळ्या झाल्या त्याच्या. झाल्या तर झाल्या. मी त्या शब्दावर उभी राहिले आणि शेवटपर्यंत गेले. तू मात्र उठलास, वाकून नमस्कार केलास, गिटारची पेटी बंद केलीस आणि मोटारीत बसून पळालास.

लोक विचारतात, भाऊ का गेला? काय सांगू? तूच लिहून कळव काय सांगायचं ते.

एन्कार्ना


हेरेस, २६ मार्च

तिनो,

तुझं पत्र मिळालं. 'तुझी अब्रू वाचवायला केलं.' वा रे वा! माझी अब्रू काय तुझ्या चिमट्यात अडकली होती? 'आता तुझा गळा पूर्वीसारखा राहिला नाही, तालमीतच माझ्या लक्षात आलं होतं.' माझ्या लक्षात आलं नव्हतं असं वाटलं का तुला? माझा गळा माझ्याच मानेवर आहे. सकाळी उठून पहिला खोकला मीच खोकते.

मला विचारलं असतंस तर? "एन्कार्ना, चारवर घेऊ का?" एवढं म्हणायला जीभ झडत नव्हती. मी शिव्या घातल्या असत्या, मान्य. पण त्या शिव्या आपल्या दोघांत राहिल्या असत्या.

पत्रासोबत ते मासिक पाठवलंस, त्याबद्दल आभार. चुलीसाठी कागद लागतोच. पण पेटवण्याआधी वाचलं. 'तिनो अलिकाते, एकांतातून घडलेला कलावंत.' कसला एकांत रे? एका खोलीत आपण पाच जणं झोपत होतो. 'आईविना वाढलेल्या या मुलानं बापाच्या भात्यापाशी बसून एकट्यानं गिटार आत्मसात केली.' आईविना हे खरं. पण वाढलास तो काय हवेवर? आठ वर्षांची होते मी, कडेवर तू असायचास आणि डोक्यावर धुण्याची बादली.

आणि बापानं तुला काय शिकवलं ते का नाही सांगितलंस त्या मासिकवाल्या बाईला? दिवसभर घण मारून त्याची बोटं लाकडासारखी झालेली असायची, तरी संध्याकाळी खिळ्यावरची गिटार उतरवून तुला पुढ्यात बसवायचा. मी धुणं धूत गायची आणि तू माझ्यामागं वाजवायचास. तू मध्येच काही चमकदार वाजवलंस की तो बोटांवर पळी मारायचा. "ती श्वास घेईल तेव्हा तू बोल. ती बोलेल तेव्हा तू मर." तू रडायचास, नाक ओढायचास, पुन्हा वाजवायचास. माझ्या गळ्यावर हात बसला तुझा. मासिकात माझं नाव शोधलं मी. एकदाच आलंय, फोटोखाली, 'बहिणीसमवेत'.

पुढचं मात्र सगळं छापलंय. चौदाव्या वर्षी माद्रिद, तिथल्या नाचघरात पर्यटकांपुढं वाजवणं, मग बॅले कंपनी, मग अमेरिका, जपान, बक्षिसं, आठ बोटांत आठ अंगठ्या घालून काढलेला तो फोटो. अंगठ्या घालून वाजवता येतं का रे? आणि तुझं ते वाक्य, 'गाणाऱ्याच्या मागे बसणं म्हणजे दुसऱ्याची ट्रंक वाहणं. मी ती खाली ठेवली.' हे वाक्य आंतोनकाकानं क्लबात मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही.

ट्रंक! तुझं ते जगभर गाजलेलं 'झाडलेली वाट' कुठल्या ट्रंकेतून काढलंस? तू माद्रिदला गेलास तेव्हा मी रचलेलं कडवं ते, सत्कारात गायले तेच. माझं. चूल फुंकता फुंकता रचलेलं.

ज्या वाटेनं गेलास
ती वाट मी झाडते,
येशील तेव्हा पायाला
धूळ नको लागू दे.

शब्द काढून टाकलेस, चाल तेवढी बोटांवर घेतलीस आणि खाली छापलंस, 'रचना: तिनो अलिकाते'. पंचवीस वर्षं लोक उभं राहून टाळ्या वाजवतायत. मी कधी ब्र काढला नाही. माझ्या रामोनचं म्हणणं होतं, त्याची बायको परक्या पुरुषांसमोर तोंड उघडणार नाही, म्हणून मी गात होते ती चुलीपुढं आणि बारशांत. मग निदान चाल तरी जग बघतेय, असं म्हणायची मी मनाशी. इतकी मूर्ख होते.

बाप गेला तेव्हा या गल्लीनं काय केलं ते तुला कुणी सांगितलं नसेल. सुतकाचं घर म्हणून सगळ्या गल्लीनं रेडिओ बंद ठेवले. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी ओठातल्या ओठात गुणगुणलं नाही. एक दिवस कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं बातम्यांसाठी रेडिओ लावला आणि त्यात तू. ओसाकाहून. बापाची माती अजून ओली होती आणि तू बुलेरिया वाजवत होतास, लग्नातली. न्हाव्यानं घाईघाईनं बंद केला आणि माझ्याकडं येऊन माफी मागितली. त्यानं! तुझ्या वतीनं.

रामोन गेल्यावर काळे कपडे घालून बसले तीही वर्षं गेली. आत्ता कुठं मी लोकांपुढं तोंड उघडलंय. त्यात पहिल्याच दिवशी तू ते अर्धं बंद करायला निघालास.

एन्कार्ना


हेरेस, पवित्र गुरुवार, १६ एप्रिल

तिनो,

मिरवणुका चालल्यात, गल्लीत मेण सांडलंय, चारोचा पाय घसरून ती आपटली. बाकी ठीक.

तुझ्या कंपनीचं जाड पाकीट आलं. औषधाच्या दुकानातल्या पिलारकडून वाचून घेतलं, कारण असल्या कागदांची भाषा देवाला तरी कळते की नाही कोण जाणे. म्हणे माझी रेकॉर्ड काढायची. माझी! पिलार टाळ्या पिटायला लागली. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. माझा आवाज कुठं म्हणून कुठं नोंदलेला नाही. उद्या मी मेले की तो माझ्याबरोबर पुरला जाणार. आता तो राहणार म्हणून मी पिलारला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. 

मग तिनं पुढचं वाचलं. सत्कारातलं गाणं घेणार नाही. तालमीतलं घेणार.

तालमीतलं म्हणजे काय ते मला मिनिटभर कळेना. मग आठवलं. आदल्या दुपारी रिकाम्या थिएटरात तू म्हणालास, "नव्या तारा आहेत, जरा खाली ठेवतो. माइक बघायचेत, तू नुसतं गुणगुणल्यासारखं कर, गळा राखून ठेव." मी गुणगुणले. डोळ्यांसमोर रिकाम्या खुर्च्या आणि झाडू मारणारी बाई. मन घरात, सत्काराला घालायच्या झग्याला इस्त्री करायची राहिली होती. आणि ते तू नोंदवून घेत होतास! तिसऱ्या पडद्यावर, लोण्यासारखं, एक ओरखडा नाही.

तिनो, तू आधीच ठरवून आला होतास. सत्कार हे निमित्त. खरा आवाज तुला ऐकायचाच नव्हता.

ते गाणं गोड आहे हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच सांगते, तो माझा आवाज नाही. ती कुणीतरी इस्त्रीची काळजी करणारी बाई आहे. माझ्या नावानं तिला जगात ठेवायची नाही. रेकॉर्ड निघणार असेल तर सत्कारातली निघेल, पाचव्या पडद्यावरची, फुटली त्या जागेसकट. नाहीतर निघणार नाही.

कागदावर सही केलेली नाही. त्यावर तेलाचा डाग पडलाय, तो चारोच्या तळलेल्या माशांचा.

एन्कार्ना


हेरेस, १९ मे

तिनो,

तुझी बायको मार्गो हिचा फोन चारोच्या दुकानात आला. दुकानात गिऱ्हाइकं उभी, मी एका हातात कांदे घेऊन ऐकतेय. बाई गोड आहे, तिला मी काही बोलले नाही. पण यापुढं माझ्याशी भांडायला बायकोला पाठवू नकोस. तुझ्या तोंडाला काय झालंय?

ती म्हणाली, "तिनोला झोप लागत नाही." बरं झालं.

मग तुझं लांबलचक पत्र आलं. त्यात तू पहिल्यांदा खरं बोललायस, म्हणून शांतपणे उत्तर देते. जमलं तर.

तू लिहितोस, 'लोक ते फुटलेलं गाणं ऐकून म्हणतील, म्हातारीला कशाला बसवली. परदेशातल्या लोकांना काही कळत नाही, त्यांना फक्त चूक ऐकू येते.' आणि पुढं, 'माझ्या नावाला तीस वर्षांत एक डाग नाही.'

आता कसं बोललास! माझ्या अब्रूचं नाव पुढं केलंस आणि पोटात तुझी अब्रू होती. चांदीच्या ताटात ठेवलेल्या तुझ्या त्या नावाशेजारी बहिणीचा फुटका गळा शोभत नाही. हे मार्चमध्येच लिहिलं असतंस तर एवढे तिकिटांचे पैसे वाचले असते.

पाच का, ते विचारतोस. तुला ठाऊक नाही? तुला? बरं, ऐक. तिसऱ्यावर मी ते कडवं गाते तेव्हा मी एक कडवं गाते. पाचव्यावर शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत माझ्याजवळ काही शिल्लक राहत नाही, आणि तो शब्द तरीही म्हणायचा असतो. तेव्हाच तू गेलास ती सकाळ मला दिसते. लाकडी खोकं पाठीला, बापाचा कोट अंगात, बाह्या दुमडलेल्या. स्टेशनच्या वळणावर मागं वळून बघशील म्हणून मी उभी होते. बघितलं नाहीस. आपण सत्कारात घेतली ती सिगिरिया हे दुखण्याचं गाणं आहे. दुखलं नाही तर ते कशाला गायचं? तरुणपणी माझा गळा तिथं ताणायचा, आता फुटतो. आहे ते आहे. फुटणं हे माझ्या वयाचं आहे, माझ्या चुलीच्या धुराचं आहे, रामोनच्या घरी गिळलेल्या प्रत्येक गाण्याचं आहे. ते तू धुऊन पुसून काढलंस तर माझं असं उरतं काय?

लोक हसतील म्हणतोस. हसू देत. तू जन्मभर लोकांना हसू दिलं नाहीस, म्हणून त्यांना कधी रडवताही आलं नाही तुला. हे मी रागानं म्हणत नाही. राग आहेच, पण हे वेगळं आहे. तुझ्या सगळ्या रेकॉर्डी आहेत माझ्याकडं. एकही जागा चुकत नाहीस. मी त्या लावते आणि थोड्या वेळानं भांडी घासायला उठते.

आंतोनकाकाला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "फार लागेल गं त्याला." मी म्हटलं, लागू दे, इतकी वर्षं कुणी लावलंच नाही.

आता अट. सही करते, पण सत्कारातल्या गाण्यावर. आणि पिलारनं कागदात एक ओळ वाढवलीय, नीट वकिली भाषेत: त्या फितीत कसलाही बदल करायचा असेल तर माझी सही लागेल. वेगळी. दर वेळेला. तुम्हा लोकांच्या मशिनी काय काय करतात हे न्हाव्याच्या पोरीनं सांगितलंय मला. फुटलेला आवाज सांधता येतो म्हणे. माझा सांधायचा नाही.

एन्कार्ना


हेरेस, ३० जून

तिनो,

कागद मिळाला, दोन्ही सह्या बघितल्या. तुझी सही फार मोठी आहे.

'तुझ्या हट्टापुढं हात टेकले' असं लिहिलंयस. टेक. पण हट्ट म्हणू नकोस. हट्ट खेळण्यासाठी करतात.

इथं उकाडा असा आहे की दुपारी कोंबडीसुद्धा दाराबाहेर पडत नाही. फीत तयार झाली की आधी माझ्याकडं पाठव. ऐकल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, तुझ्यावर तर नाहीच.

एन्कार्ना


हेरेस, ११ सप्टेंबर

तिनो,

फीत आली. तिच्याबरोबर पुन्हा एक कागद आला आणि तुझ्या हातची चिठ्ठी, 'एन्कार्ना, सही करून टाक, क्षुल्लक गोष्ट आहे. एका जागी माझी बाजू किंचित दुरुस्त करायची आहे. तुझ्या आवाजाला हात लावत नाही. शब्द देतो.'

क्षुल्लक म्हटलंस तेव्हाच मी सावध झाले. लहानपणी दूध सांडलं की तू असाच म्हणायचास, काही नाही, काही नाही.

चारोनं जेवणानंतर दुकानाची फळी ओढून घेतली. सार्डिनच्या पिंपावर टेपरेकॉर्डर ठेवला. आंतोनकाका, पिलार, न्हावी, सगळे आले. मी म्हटलं होतं कुणी बोलायचं नाही. 

आधी तो गोंधळ आहे. मी चिमटा सरकवते त्याचा आवाज, खुर्ची करकरते, कुणीतरी खोकतं. मग तू सुरू करतोस. सुरेख सुरू करतोस, ते कबूल. मग मी. माझा आवाज असा आहे हे मला साठ वर्षांत ठाऊक नव्हतं, तिनो. गाणाऱ्याला आपला आवाज आतून ऐकू येतो. बाहेरून तो फार म्हातारा आहे. पहिल्यांदा मला वाटलं, तू म्हणत होतास तेच खरं. सांगते तुला, त्या पिंपापाशी बसून मला वाटलं, द्यायला हवी होती तालमीतली.

मग 'धूळ' आलं. फुटला. ऐकायला भयंकर आहे ते. पिलारनं माझा हात धरला.

आणि गिटार नाही.

तिथं तुझी जागा आहे. मी शब्द टाकला की तू उत्तर द्यायचंस, ते उत्तर लहानपणापासून ठरलेलं आहे. ते आलंच नाही. एक आख्खं आवर्तन कोरं गेलं. सिगिरियात! ज्या माणसाचा ताल घड्याळाच्या तोंडात मारील तो माणूस एक आवर्तन हरवून बसला. त्या दिवशी मला ते कळलं नव्हतं, मी गाण्यात होते. लोकांना वाटलं तू मुद्दाम थांबलास, कलावंत आहेस म्हणून. फितीवर कळतं. कारण मग एक तार चुकीची वाजते, चक्क चुकीची, शिकाऊ पोरासारखी, आणि तुझ्या माइकात आवाज येतो.

आंतोनकाका म्हणाला, "हे काय आहे? मशिन खरखरतंय?"

मी म्हटलं, मशिन नाही. तो नाक ओढतोय.

मी ओळखणार नाही? ते नाक मीच पुसलंय, माझ्या झग्याच्या टोकानं, दहा वर्षं. तू रडत होतास. तिथं, सगळ्या गावासमोर मान खाली घालून, गिटारवर वाकून रडत होतास, आणि म्हणून पळालास. मी सहा महिने तुला लाज विकलेला म्हणून शिव्या घातल्या. त्यांतली एकही मागं घेत नाही. पण रडलास म्हणून पळालास हे सांगायला काय झालं होतं? त्यापेक्षा बहिणीच्या शिव्या खाल्लेल्या परवडल्या?

आणि आता तुला ते पुसायचंय. म्हणे स्टुडिओत बसून ते उत्तर नव्यानं वाजवतो, कोरी जागा भरतो, चुकलेली तार काढतो, तो 'आवाज' काढतो, कुणाला कळणार नाही. छान! म्हणजे मी जगापुढं फुटकी आणि माझ्यामागं तू अखंड, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. मी पडले आणि तुझ्या ताटातला घासही हलला नाही, असं लोकांना ऐकवायचं? हे खोटं आहे, तिनो. तुझ्या सगळ्या रेकॉर्डींतलं सगळ्यात मोठं खोटं ते होईल.

मी ती जागा चारोला परत परत लावायला सांगितली. ती शेवटी म्हणाली, "पुरे कर बाई, टेप झिजेल." त्या कोऱ्या जागेत तुझं सगळं आहे रे. माद्रिद, जपान, अंगठ्या, बक्षिसं, सगळं एकीकडं, आणि ते एक न वाजवलेलं आवर्तन एकीकडं. तू वाजवायचं विसरलास कारण तू ऐकत होतास. माझं गाणं तू जवळजवळ चाळीस वर्षांनी ऐकलंस, आणि तुझे हात थांबले. याहून चांगलं तुला काही वाजवता आलेलं नाही, येणारही नाही.

तेव्हा सही करणार नाही. कागद फाडून पाठवतेय, चारी तुकडे पाकिटात आहेत, मोजून घे. कंपनीला सांग, म्हातारी अडून बसलीय, वेडी आहे, काय वाटेल ते सांग, सगळं माझ्यावर ढकल. तुझ्या नावाला डाग लागेल. लागू दे. एक तरी लागू दे, म्हणजे माणसाचं नाव वाटेल ते.

राग गेला असं समजू नकोस. आहे. समोर आलास तर दारातच ऐकवीन. पण ये.

आणि त्या मशिनीवाल्याला बजाव, माझा गळा फुटतो तिथं फुटू दे, आणि माझा भाऊ रडतो तिथं त्याला रडू दे.

एन्कार्ना